हॉटेल मॅनेजमेंट झालं, शेफच व्हायचंय, पहिली नोकरी कुठल्या किचनमध्ये घेऊ?

हळद_सांगलीची

नमस्कार सगळ्यांना, पहिल्यांदाच लिहितेय, जरा लांबलंय पण प्लीज पूर्ण वाचा.

मी मिरजेची. पुण्यातनं तीन वर्षांचं बीएस्सी हॉस्पिटॅलिटी केलं, शेवटची परीक्षा आत्ताच झाली. फ्रंट ऑफिस नको, सर्व्हिस नको, किचनच पाहिजे हे पहिल्या सेमिस्टरपासून पक्कं आहे. फीसाठी साडेतीन लाखाचं एज्युकेशन लोन आहे, बाबांची थोडी द्राक्षबाग आहे पण गेले दोन हंगाम पावसाने घात केला त्यामुळे हप्ता मलाच भरायचाय. आत्या घरी आली की एकच विषय, एवढे पैसे भरून पोरगी शेवटी कांदेच चिरणार ना. मी काही बोलत नाही पण रात्री झोप लागत नाही.

आत्ता माझ्यासमोर तीन गोष्टी आहेत. एक, मुंबईत एका मोठ्या फाइव्ह स्टारमध्ये कॉमी थ्री (शेफची सगळ्यात खालची पायरी), बँक्वेट म्हणजे लग्न-पार्ट्यांचं किचन, हातात १६ हजार, राहायचं आपलं आपण बघायचं. दोन, पुण्यात एक छोटं रेस्टॉरंट, ४५ कव्हर्स (एवढी माणसं जेवायला बसतील असं), मालक स्वतः शेफ आहेत, इंडियन फूड, २२ हजार देतो म्हणाले आणि मुलींसाठी रूम शेअरिंगमध्ये. तीन, क्रूझवर पाठवणारा एक एजंट, दीड लाख प्रोसेसिंग फी मागतोय, म्हणतो एका कॉन्ट्रॅक्टमध्ये लोन फिटेल.

माझी खरी भीती वेगळीच आहे. मला स्वैपाक येतो का हेच मला माहीत नाही. कॉलेजात चार जणांच्या ग्रुपमध्ये दोन पोर्शन करायचो, एक जण चिरणार एक जण ढवळणार. ट्रेनिंगला गेले तिथे पहिले दीड महिना लसूण आणि उकडलेली अंडी सोलली, गरम रेंजवर (शेगड्यांवर) मला मोजून तीनदा उभं केलं. फ्रेंच स्वैपाकातले पाच मदर सॉस (मूळ सॉस) तोंडपाठ आहेत पण ४० माणसांची डाळ एकटीने लावायची म्हटलं तर हात थरथरेल. आणि सगळे सर म्हणतात मुलगी आहेस तर बेकरी-पेस्ट्रीला जा, तिथे बरं असतं. मला इंडियनच करायचंय. सीडीपी, म्हणजे एका सेक्शनचा प्रमुख शेफ, व्हायला किती वर्षं लागतात, आणि कुठनं सुरू केलं तर हात तयार होईल?

जुना_कडछा

ताई, आधी एक सांगतो, तुला वाटतंय ती भीती बरोबर आहे आणि ती तुझी एकटीची नाहीये. कॉलेजातनं कोणीच शेफ होऊन बाहेर पडत नाही. तीन वर्षात चार डिपार्टमेंट शिकवतात, त्यातलं किचन किती वाट्याला येतं तूच बघितलंयस. हात किचनमध्येच तयार होतो, तो कुठल्या किचनमध्ये होणार एवढंच आत्ता ठरवायचंय.

मी २००९ ला मुंबईत बँक्वेटमध्येच कॉमी थ्री लागलो, आज पुण्यात सू शेफ (मुख्य शेफच्या खालोखाल) आहे. पहिले अडीच महिने मी फक्त कांदा केला. लग्नसराईत दिवसाला ऐंशी-नव्वद किलो, आम्ही चौघं सोलायचो चिरायचो. घरी सांगायची लाज वाटायची. पण तिसऱ्या महिन्यात उस्तादांनी मला बिर्याणीच्या ब्राउन कांद्याच्या कढईवर उभं केलं आणि पहिलीच कढई मी घालवली. कांदा मस्त चॉकलेटी झाला तेव्हा झारा घातला मी, परातीत पसरेपर्यंत काळा पडला कारण तेलातनं काढल्यावर पण तो आतल्या उष्णतेने शिजतच राहतो. उस्ताद ओरडले नाहीत, त्यांनी त्यातला एक काप माझ्या जिभेवर ठेवला आणि म्हणाले ये चालीस किलो ग्रेव्ही में जाएगा. तो कडूपणा मला अजून आठवतो. सोनेरी असतानाच काढायचा, लगेच पातळ पसरायचा, वर दुसरा थर टाकायचा नाही. हे मला कुठल्या पुस्तकात मिळालं असतं तरी कळलं नसतं.

बँक्वेटचं शिक्षण हे असं असतं. माल मोठा, त्यामुळे चूक पण मोठी आणि कायमची लक्षात राहते. दुसरं म्हणजे स्वच्छता आणि शिस्त. तीस लिटर मखनी गरम गरम उचलून वॉक-इन फ्रीजमध्ये ठेवता येत नाही, मधला भाग रात्रभर कोमट राहतो आणि सकाळी आंबलेली असते. ६० अंशावरनं २१ वर दोन तासात आणायची आणि तिथनं ५ वर पुढच्या चार तासात, म्हणून उथळ ट्रेमध्ये ओतायची, बर्फावर ठेवायची, तापमान लिहायचं, लेबल लावायचं. चांगल्या हॉटेलात हे रोज होतं म्हणून अंगात भिनतं. मी नंतर माणसं घेताना हेच बघतो, पोराच्या हाताला चव नंतर येईल पण लेबल न लावता डबा आत ठेवणाऱ्याला बदलायला फार त्रास पडतो.

धोका पण सांगतो. बँक्वेटमध्ये माणूस अडकतो. काम येतंय म्हणून तिथला शेफ सोडत नाही आणि तीन वर्षांनी बघावं तर कधी एका टेबलासाठी एक प्लेट केलेलीच नसते. म्हणून जॉइन व्हायच्या आधी एचआरला नाही, किचनमधल्या शेफला विचार की बँक्वेटमधनं अ ला कार्ट इंडियनला (मेन्यूवरनं एकेका टेबलाच्या ऑर्डरी करणाऱ्या किचनला) कधी हलवता, आणि मग तिथल्याच एखाद्या कॉमीला बाहेर चहाला गाठून तेच विचार. दोन्ही उत्तरं जुळली तर जा.

सीडीपीला कॉमी थ्री, टू, वन, डीसीडीपी (सीडीपीच्या हाताखालचा) असं चढत साधारण पाच ते सात वर्षं लागतात, माझ्या बॅचमधला एक चार वर्षात झाला आणि एक दहा वर्षांनी पण झाला नाही. प्रमोशन वर्षं मोजून होत नाही. तुझ्या सेक्शनचा माणूस अचानक आला नाही आणि केओटी (ऑर्डरच्या चिठ्ठ्या) लागत राहिल्या तरी पास (तयार प्लेटी बाहेर जातात तो ओटा) थांबला नाही, असं दोन-चारदा झालं की शेफला कळतं.

आणि १६ हजार म्हणजे पीएफ कापून का ते बघ. दोन वेळचं जेवण स्टाफ कॅफेत, युनिफॉर्म धुवून, काही ठिकाणी सर्व्हिस चार्जमधला वाटा पण मिळतो. छोट्या ठिकाणच्या २२ शी तुलना करताना हे सगळं धर.

जहाजाचं इथे कोणीतरी जहाजावरचंच सांगेल. दीड लाख मात्र देऊ नकोस.

गॅलीतला_रत्नांग्रीकर

जहाजावरचा मी आहे, सध्या सुट्टीवर घरी.

त्या एजंटला सोड. मी स्वतः २०१५ ला असेच पैसे भरले होते, आईच्या पाटल्या मोडून. ऑफिस होतं, बोर्ड होता, इंटरव्ह्यू पण घेतला, नंतर फोन बंद. पैसे आजतागायत मिळाले नाहीत आणि आईने एकदाही विचारलं नाही, त्याचाच जास्त त्रास होतो. म्हणून नीट वाच. जहाजावर माणसं पाठवणाऱ्या कंपनीला डीजी शिपिंगचं, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाज खात्याचं, आरपीएसएल (भरतीचं) लायसन लागतं, लायसनवाल्यांची यादी डीजी शिपिंगच्या साइटवर असते, नाव तिथे शोधायचं. आणि नोकरी लावून देतो म्हणून काम करणाऱ्याकडनं पैसे घ्यायला बंदी आहे, एमएलसी २००६ या जहाजावरच्या कामगारांच्या आंतरराष्ट्रीय करारातही आहे आणि आपल्या कायद्यातही. तुझा खर्च म्हणजे पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं ओळखपुस्तक), मेडिकल आणि एसटीसीडब्ल्यूचे बेसिक कोर्स, म्हणजे पाण्यात जीव वाचवणं, आग विझवणं, प्रथमोपचार वगैरे. ते पैसे कोर्सवाल्या संस्थेला पावती घेऊन भरायचे. प्रोसेसिंग फी हा शब्द आला की उठून यायचं.

आता काम. पैसे साठतात हे खरंय कारण राहणं खाणं कंपनीचं. पण रोज दहा-अकरा तास, आठवड्याचे सातही दिवस, कॉन्ट्रॅक्ट संपेपर्यंत, सहा ते नऊ महिने. वीकली ऑफ नावाची गोष्ट नाही. गणपती, दिवाळी, बहिणीचं लग्न, सगळं फोनवर. आणि शिकण्याच्या दृष्टीने बघशील तर गॅलीत (जहाजाच्या किचनमध्ये) एकच स्टेशन महिनोन्महिने असतं. माझं एक अख्खं कॉन्ट्रॅक्ट ब्रेकफास्टच्या अंड्यांवर गेलं, ऑम्लेट झोपेत करीन पण त्या आठ महिन्यात एक सॉस लावला नाही. शिकलो ती स्वच्छता. अमेरिकेत बंदराला लागलं की तिथल्या आरोग्य खात्याचे लोक न सांगता चढतात, १०० पैकी मार्क देतात, ८५ किंवा खाली आलं की नापास आणि तो स्कोर जाहीर होतो, त्यामुळे एक्झेक म्हणजे मुख्य शेफपासून भांडीवाल्यापर्यंत सगळे फ्रीजच्या दाराचं रबर सुद्धा पुसत असतात.

चांगल्या कंपन्या बहुतेक करून अनुभव मागतातच. दोन-तीन वर्षं जमिनीवर काढ, कॉमी वन किंवा डीसीडीपी हो, मग ये, तेव्हा वरच्या पोस्टवर घेतील आणि लोन फेडणं सोपं जाईल.

भट्टीवाली

मला पेस्ट्रीवर बोलायचंय, कारण मलाही हेच सांगितलं होतं आणि मी ऐकलं, दीड वर्ष घालवलं. पेस्ट्री वाईट नाहीये हां, ते वजनकाट्याचं आणि फार बारकाईचं काम आहे, आवड असेल तर त्यासारखं काही नाही. पण "मुलगी आहेस म्हणून" हे कारण घेऊन जाऊ नकोस. एसी असतो म्हणून जाऊ नकोस. मी दीड वर्षांनी शेफसमोर उभी राहिले आणि म्हणाले मला तंदूरला टाका. हसले नाहीत पण म्हणाले आठवडाभर बघू. आज मी इंडियनला सीडीपी आहे.

तंदूरचा पहिला आठवडा सांगते. माझ्या रोट्या भिंतीला चिकटतच नव्हत्या, गळून निखाऱ्यात पडायच्या, बाहेर केओटी वाढत होत्या आणि मला रडू यायला लागलं. उस्तादांनी मला बाजूला केलं नाही. मिठाचं पाणी हातात घेऊन भट्टीच्या भिंतीवर शिंपडलं, चर्र झालं, मग म्हणाले गादीवर (कापडाच्या उशीवर) रोटी घे, मागच्या बाजूला पाण्याचा हात फिरव, आणि थापताना घाबरून हात अर्ध्यात मागे घेऊ नकोस, तिथेच रोटी सुटते. मी घाबरत होते म्हणून रोटी पडत होती. पूर्ण हात आत गेला तेव्हा चिकटली. हातावर डाग आहेत अजून.

आपल्या देशात हॉटेल मॅनेजमेंटचं शिक्षण सुरू कोणी केलं माहितीये? मुंबईचं, आताचं दादरचं आयएचएम (हॉटेल मॅनेजमेंटचं कॉलेज), १९५४ साली, लीलावती मुन्शींच्या पुढाकाराने, बायकांच्या फूड कौन्सिलने. आणि गरिमा अरोरा बघ, मुंबईची, आधी पत्रकार होती, मग पॅरिसला ल कॉर्डों ब्लूला शिकली, कोपनहेगनला नोमा रेस्टॉरंटमध्ये काम केलं, २०१७ ला बँकॉकमध्ये गा नावाचं रेस्टॉरंट सुरू केलं आणि २०१८ ला मिशेलिन स्टार (रेस्टॉरंटसाठीचा मोठा मान), भारतीय बाईला मिळालेला पहिला. तर हे बायकांचं काम नाही असं कोणी म्हणालं तर मान हलवून पुढे जा आणि रेंजवर उभी रहा.

आता माझं मत कडछादादांपेक्षा वेगळं आहे. मी छोट्या रेस्टॉरंटच्या बाजूने आहे. तुझी भीती काय, तर मला स्वैपाक येतो का माहीत नाही. ४५ कव्हर्सच्या किचनमध्ये तीन-चार माणसं असतात, दुसऱ्या आठवड्यात तुला रेंजवर उभं करण्यावाचून त्यांच्याकडे पर्याय नसतो. सकाळी मिझाँ प्लास (चिरणं-वाटणं, सगळी पूर्वतयारी) तू लावणार, दुपारी पिकअप (ऑर्डर आली की प्लेट करून देणं) तू करणार, रात्री स्टोअरची इंडेंट (मालाची मागणी) तू लिहिणार. चवीचं उत्तर तिथेच मिळेल. मालक शेफ आहे म्हणजे तुझी प्लेट रोज कोणीतरी चाखणार, मोठ्या हॉटेलात कॉमीची प्लेट कोण चाखतो?

फक्त आधी एक दिवस ट्रायलला जा. चिलर उघडून लेबलं आहेत का बघ, स्टाफ काय खातो बघ, किती जण किती महिने टिकलेत विचार, पगार कुठल्या तारखेला होतो ते मालकाला नाही, पोरांना विचार. रात्री बंद किती वाजता होतं आणि घरी सोडायची सोय आहे का हे मात्र मालकालाच विचार, रात्री मुलींना कामाला ठेवायचं तर त्यांची संमती आणि घरी पोचवायची सोय ही जबाबदारी त्यांची असते, मागायला लाजू नकोस.

हळद_सांगलीची

तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत, मी आईला वाचून दाखवलं. रत्नागिरीचे दादा, तुमच्या आईचं वाचून आई गप्पच झाली. एजंटला नाही सांगितलं, त्याने दोनदा फोन करून सीट जाईल म्हणून घाबरवलं, तिसऱ्यांदा बाबांनी उचलला.

रविवारी पुण्याला ट्रायलला गेले. ताई तुम्ही म्हणालात तसंच झालं, अकरा वाजता पोचले आणि साडेबाराला मी दाल तडक्यावर होते. तीन केओटी एकदम. पहिली प्लेट शेफनी पासवरनं परत पाठवली, म्हणाले मीठ बरोबर आहे, जिरं कच्चं आहे. मी घाईत तूप तापायच्या आधी जिरं टाकलं होतं, ते फुललंच नव्हतं, नुसतं भिजलं होतं. दुसऱ्यांदा थांबले, एक दाणा टाकून बघितला, तो तडतडला मग बाकीचं. ती प्लेट गेली. साधी डाळ आहे हो, पण मला एवढा आनंद कधीच झाला नव्हता.

पण. पोरांना विचारलं तर म्हणाली मागचे दोन्ही पगार २२ तारखेला झाले, एकाचा अजून अर्धा बाकी आहे. चौघांपैकी दोघं सोडून चाललेत, म्हणूनच मला घेतायत. शेफ माणूस म्हणून आणि स्वैपाकी म्हणून खरंच चांगले वाटले, शिकवतील पण. मुंबईच्या शेफशी पण बोलले, ते म्हणाले लग्नाचा सीझन संपेपर्यंत बँक्वेट, साधारण आठ महिने, मग अ ला कार्टला जागा झाली की. तिथला एक कॉमी टू म्हणाला त्याला अकरा महिने लागले. आता अजूनच गोंधळ झालाय.

चिपळूणची_खानावळ

मी सात वर्षं हॉटेलात काढून आता चिपळूणला स्वतःचं चालवतो, मालक म्हणून बोलतो. ज्या किचनमध्ये पगार २२ तारखेला होतोय तिथे पैसा अडकलेला आहे, शेफ कितीही चांगला असो. पुढे व्हेंडर उधारी बंद करतो, मग माल हलका येतो, मग तू हलक्या मालावर शिकतेस. तुझा हप्ता बँक दर महिन्याला ठरल्या तारखेला कापणार, तिला २२ तारीख सांगता येत नाही. लोन नसतं तर मी पण तिकडेच जा म्हटलं असतं.

आणि एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. कुठेही जा पण हिशोब शीक. कॉलेजात फूड कॉस्टचा फॉर्म्युला शिकवतात, पण मासळी हातात घेतल्याशिवाय तो समजत नाही. मी सुरुवातीला सुरमई ९०० रुपये किलोने घेऊन ९०० चाच भाव धरून थाळीची किंमत काढायचो आणि महिना अखेर गल्ल्यात काहीच नसायचं, कळेना कुठे जातंय. एका रात्री बायकोने काटा पुढ्यात ठेवला. डोकं, पोट, शेपूट काढून एका किलोच्या ६०० ग्रॅम तुकड्या निघाल्या. म्हणजे माझा खरा भाव १५०० रुपये किलो होता. तेव्हापासून प्रत्येक जिन्नस साफ करायच्या आधी आणि नंतर तोलतो. डोकी आता फेकत नाही, त्याचं कालवण स्टाफला आणि मागणाऱ्या गिऱ्हाइकाला. बँक्वेटमध्ये तुला कांदा सोलायला बसवला ना, तर सोलायच्या आधीचं आणि नंतरचं वजन एका छोट्या वहीत लिही. कोंबडी, पनीर, कोथिंबीर, सगळ्याचं. दोन वर्षांनी त्या वहीची किंमत तुला कळेल, मला ती वही सात वर्षं उशिरा मिळाली.

अजून एक, इंडियन करायचंय म्हणतेस तर मिरजेला जाशील तेव्हा घरच्या कांदा-लसूण मसाल्याला आईबरोबर बस, मिरची कुठली, किती भाजते, खोबरं कधी टाकते, ग्रॅममध्ये लिहून घे. आईला ग्रॅम सांगता येणार नाही, तिच्या मुठीखाली काटा ठेव. हॉटेलच्या किचनमध्ये तीन ग्रेव्ह्या सगळ्यांना येतात, आपल्या घरचं वाटण तिथे कोणाला येत नसतं. मी आज त्याच्यावरच उभा आहे.

भट्टीवाली

पगाराचं ऐकून मी माझं मत बदलते. मुंबई घे. आठ म्हणाले तर अकरा महिने धर, पण त्या अकरा महिन्यात ब्रेक शिफ्टच्या (दोन तुकड्यांतल्या ड्यूटीच्या) मधल्या वेळात अ ला कार्टच्या किचनला जाऊन उभी रहा, कोणाला विचारून, हात लावू का म्हणून. रोज नाही जमणार, आठवड्यातनं एकदा जमेल. मला असंच तंदूर मिळालं. पुण्याच्या शेफना पण नीट फोन करून नाही सांग, हे क्षेत्र लहान आहे आणि त्या माणसाकडे तुला पुढेमागे परत जावंसं वाटेल.

जुना_कडछा

सहमत. आणि बँक्वेट मिळालं म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस, जिरं परत पाठवल्यावर तू थांबून एक दाणा टाकून बघितलास ना, तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं. स्वैपाक येतो तुला.

हळद_सांगलीची

मुंबईला हो कळवलं, एक तारखेला जॉइनिंग. पुण्याच्या शेफना फोन केला, रागावले नाहीत, म्हणाले बँक्वेटमधनं वैतागलीस तर ये. आत्याला सांगितलं की हो, आधी कांदेच चिरणार, आणि चिरायच्या आधी तोलणार. ती म्हणाली मग जेवण कधी करणार, मी म्हटलं दिवाळीला घरी आले की तुम्हालाच दाल तडका.

शेवटचा प्रश्न, जायच्या आधी काय विकत घेऊ? बजेट चार हजार. आणि दादर-परळ भागात कामाला जायचं तर मुलींनी रूम कुठे बघावी?

भट्टीवाली

अर्धे पैसे शूजवर घाल. न घसरणारे, बंद पुढचे, संध्याकाळी पाय सुजलेले असताना घालून बघ आणि मगच घे, सुती मोज्यांच्या चार जोड्या. सुरी आठ इंची एकच घे, साधी स्टीलची चालेल, महागडी नको, आणि धारेसाठी हजार ग्रिटचा एक दगड. सोबत पीलर, छोटा थर्मामीटर, खिशात मावेल अशी वही आणि काळा मार्कर. सुरीच्या मुठीला रंगीत टेप गुंडाळून नाव लिही.

रूमसाठी सेंट्रल लाइनला बघ, रात्री उशिरा सुटलीस तरी परळला बसून सरळ घरी येता येतं. आमच्या नाहूरच्या फ्लॅटमध्ये तिघी आहोत, तिघी किचनमधल्याच, एक जण महिनाअखेर जहाजावर चाललीये. मेसेज कर, भाडं आणि डिपॉझिट सांगते.